सत्तरीच्या आत्याला घेऊन आंजर्ले ते गुहागर किनाऱ्याने चालत जायचंय, कसं आखू?

घाटावरची

नमस्कार मंडळी. माझी आत्या सत्तर वर्षांची आहे, सातारकडची. बरीच वर्षं पंढरीची वारी पायी केली, आता गर्दी सोसत नाही म्हणून वारी थांबवली पण चालणं काही थांबलेलं नाही, रोज सकाळी चार-पाच किलोमीटर सहज जाऊन येते. समुद्र तिने पाहिलाय तो असा की गाडीतून उतरायचं, अर्धा तास पाय भिजवायचे, भेळ खायची आणि परत गाडीत. मागे एकदा जेवताना एकदम म्हणाली, मला समुद्राच्या कडेकडेने चालायचंय, या गावातनं त्या गावात, वारीला जातो तसं मुक्काम करत करत, नेशील का? मी हो म्हणून टाकलं आणि मला मनापासून न्यायचंय.

नकाशा बघून आंजर्ले, हर्णै, मुरुड, कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे, दाभोळ आणि मग खाडी ओलांडून गुहागर असं डोक्यात आलंय. सहा-सात दिवस काढू शकते. आम्ही दोघीच असू. तिला बीपीची गोळी रोज आहे, आणि उजवा गुडघा उतरताना दुखतो, चढताना नाही. आत्येभाऊ परदेशात असतो, तो रोज फोनवर सांगतो की या वयात हे काय खूळ, चांगली गाडी करा आणि रिसॉर्टला राहा, पैसे मी देतो. त्याची काळजी खरी आहे, मला त्याला नीट उत्तर द्यायचंय.

तर कुठल्या महिन्यात जावं, रोज किती चालावं, भरतीत मधेच अडकलो तर काय करायचं, सामानाचं काय आणि दोघी बायकांनी जाणं कसं वाटतं? कुणी मोठ्या माणसाला घेऊन असं चाललं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

---

पुळणकाठ

ताई, मी याच पट्ट्यातला, दापोली तालुका. आत्याबाईंना माझा नमस्कार सांगा, आमच्याकडे लोक येतात ते बीचवर गाडी घालायला येतात, चालायला कुणी येत नाही, त्यामुळे वाचून फार बरं वाटलं.

महिना म्हणाल तर डिसेंबर-जानेवारी, फार तर फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा, त्यापुढे दहा वाजताच ऊन डोक्यावर येतं. पण महिन्यापेक्षा महत्त्वाचं सांगतो, तारखा सुट्ट्या बघून ठरवू नका, पंचांग बघून ठरवा. आमच्याकडे जुना हिशोब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्याच्या सहा तास आधी, सकाळी नवाच्या आसपास, पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. आता हेच अष्टमीला बघा, सहाला भरती म्हणजे ओहोटी भर दुपारी बाराला, सकाळी निघालात तर पायाखाली पाणी आणि वाळू मोकळी होईल तेव्हा टळटळीत ऊन. म्हणून पौर्णिमा नाहीतर अमावास्या झाली की दुसऱ्या दिवशी सुरुवात करायची आणि षष्ठीपर्यंत चालणं उरकायचं. ओहोटी रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, सकाळी सातपासून साडेदहापर्यंत, ते सगळे दिवस तुमच्या उपयोगाचे. त्यातही पहिले दोन-तीन दिवस उधाणाचे, पाणी लांबपर्यंत आत जातं आणि जी पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, उघडी पडते ती ओली, घट्ट, सिमेंटच्या रस्त्यासारखी चालायला. मात्र उधाणाचं पाणी जेवढं लांब जातं तेवढंच वर येतं, तेव्हा अकराच्या आत किनारा सोडायचा हे पक्कं ठेवा. नेटवर भरती-ओहोटीची तक्ते मिळतात, त्यांच्याशी एकदा ताडून बघा, आणि रोज ज्या घरी उतराल तिथे विचारा, कोळीवाड्यातली पोरंसुद्धा बिनचूक सांगतात.

आता वाट. सगळाच किनारा सलग चालता येत नाही हे आधी समजून घ्या. पुळण, मग डोंगराचं नाक समुद्रात घुसलेलं, मग पुढची पुळण, असं आहे आमचं. त्या नाकाला खडकांवरून वळसा घालायच्या फंदात आत्याबाईंना घेऊन अजिबात पडू नका, शेवाळ असतं आणि भरतीला परतायला जागा राहत नाही. तिथे रस्त्याने घाटी चढायची नाहीतर सरळ रिक्षा करायची.

आंजर्ल्याला पहिला मुक्काम करा. कड्यावरच्या गणपतीला गावातून पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट आहे आणि मागून डांबरी रस्ताही आहे. गुडघा उतरताना दुखतो म्हणता ना, मग पाखाडीने चढा आणि खाली रस्त्याने या. गणपती उजव्या सोंडेचा, आणि वरून खाली नारळी-पोफळीच्या वाड्या नि समोर सुवर्णदुर्ग, बराच वेळ बसण्यासारखी जागा आहे. फेब्रुवारीच्या पुढे गेलात तर आंजर्ल्याच्या पुळणीवर कासवांची घरटी जाळी लावून राखलेली दिसतील, त्यांच्यापासून लांबून चाला.

आंजर्ले ते हर्णै खाडीवर पूल झालाय, पूर्वी तरीतून, म्हणजे होडीने जावं लागायचं. हर्णै बंदरात वाळूवरून चालायला नको, होड्या, दोर, चिखल. रस्त्याने जा. पण संध्याकाळचा माशांचा लिलाव आत्याबाईंना दाखवाच, शाकाहारी असल्या तरी. होड्यांमधून माल काठावर येतो, बायका टोपल्या मांडून बसतात आणि बोटांच्या खुणांवर भाव ठरतात. मुरुडला पुढचा मुक्काम, महर्षी कर्व्यांचं गाव, दुर्गादेवीचं देऊळ बघण्यासारखं. मुरुड-कर्दे सलग पुळण आहे, तुमच्या सगळ्या वाटेतलं सगळ्यात सोपं चालणं. तेवढं शनिवार-रविवार सोडून ठेवा, तिथे त्या दिवशी जीप, घोडागाड्या, पॅराशूट सगळं असतं, म्हातारं माणूस मोकळेपणी चालू शकत नाही.

पुढचं नंतर लिहितो.

---

सांधेदुखी_सल्ला

मी फिजिओथेरपिस्ट आहे, ज्येष्ठांबरोबरच काम जास्त. आत्यांना न तपासता फार बोलणार नाही पण काही गोष्टी सगळ्यांनाच लागू होतात.

रोज चार-पाच किमी चालणाऱ्या माणसाला वाळूवर लगेच दहा किमी जमतील असं धरू नका. कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो आणि पोटरी नि टाचेमागची शीर दुप्पट राबते, गुडघ्याआधी तीच बोलायला लागते. सहा ते आठ किमीचा दिवस धरा आणि दोन-तीन दिवसांनी एक दिवस कुठेच जायचं नाही.

दुसरं कुणी सांगत नाही ते, किनारा सपाट नसतो, पाण्याकडे उतरता असतो. तुम्ही उत्तरेकडून दक्षिणेला निघालात म्हणजे समुद्र कायम उजव्या हाताला, उजवा पाय सतत खालच्या बाजूला, आणि आत्यांचा दुखरा गुडघा उजवाच आहे. त्यामुळे तासन्‌तास तिरक्या वाळूवर चालू नका, अगदी खाली पाण्यालगत वाळू सपाट असते तिथून चाला आणि अधूनमधून शंभरेक पावलं उलट्या दिशेला येऊन जा, पाठ-कंबर सुटते. वरचे ओहोटीचे हिशोब म्हणूनच फार मोलाचे आहेत, ओहोटी असेल तरच तो सपाट पट्टा मिळतो.

काठी घ्याच. चढायला नाही, उतरायला. जांभ्याच्या पायऱ्या उंच-सखल असतात, तिथे काठी आधी खालच्या पायरीवर, मग दुखरा पाय, मग चांगला पाय. घरी जिन्यावर पंधरा दिवस हेच करून घ्या म्हणजे सवयीचं होईल. नवीन बूट नकोत, रोज वापरातली पट्ट्याची सँडल असू दे, मोज्यासकट, कारण ओल्या पायाला वाळू घासून फोड येतात. दिवसभर अनवाणी नको, थोडा वेळ चालेल.

आता थोडं स्पष्ट लिहिते. आपल्याकडच्या मोठ्या बायका प्रवासात पाणी पीत नाहीत, कारण वाटेत संडास-बाथरूम नसतं. वय झालं की तहान मुळातच कमी लागते, त्यात हे. आणि बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, आत्यांची गोळी त्यातली आहे का ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा, उन्हात चालताना डोस आणि मीठ-पाणी कसं ठेवायचं तेही त्यांच्याकडूनच लिहून घ्या. ‘कोकम सरबतात मीठ घालून देते’ असं आपलं आपण ठरवू नका. आणि प्रत्येक दिवसाच्या वाटेत कुठल्या घरी, कुठल्या देवळाशी बाथरूम मिळेल ते आदल्या संध्याकाळी विचारून ठेवा आणि आत्यांना ते सांगा. पुढे सोय आहे हे कळलं की माणूस आपणहून पाणी पितो, मी हे कितीतरी जणींच्या बाबतीत बघितलंय.

---

शनिवारपेठ

माझं मत थोडं वेगळं आहे. रोज बॅग भरायची, रोज नवीन घर, नवीन गादी, नवीन बाथरूम हेच मोठ्या माणसाला जास्त थकवतं, चालणं नाही. मुरुड आणि गुहागर अशा दोनच ठिकाणी खोली घ्या, सकाळी एका बाजूला चालत जा आणि एसटीने नाहीतर रिक्षाने परत या. आत्या सत्तरच्या म्हणजे एसटीत अर्धं तिकीट, तुम्हालाही महिला म्हणून अर्धंच, आधार कार्ड तेवढं जवळ असू द्या. संध्याकाळी आपली खोली, आपली उशी, गोळ्या जागच्या जागी. आत्येभावालाही हे पटेल.

---

घाटावरची

पुळणकाठदादा, तुमचं उत्तर आत्याला वाचून दाखवलं. तिने लगेच कालनिर्णय काढून तिथ्या मांडल्या, एकादशीला सव्वाआठ येतात का म्हणून मला विचारलं आणि मग स्वतःच हो म्हणाली. फिजिओताई, पाण्याचं तुम्ही लिहिलंत ते शब्दन्‌शब्द खरं आहे, वारीतही ती दुपारपर्यंत पाणी टाळायची हे तिने आज पहिल्यांदा सांगितलं.

शनिवारपेठ, तुमचा मुद्दा मला पटला होता पण आत्याला नाही. ती म्हणाली, परत त्याच जागी यायचं तर मग मी आपल्या कॅनॉलवर रोज जातेच की. तिला पुढे जायचंय. तेव्हा मुक्काम बदलत जायचं हे ठरलं, पण सामान पाठीवर नाही, एका छोट्या पिशवीपुरतंच जवळ, बाकी रिक्षाने पुढे पाठवायचं. हे जमतं का?

---

वडिलांसोबत_वाळूत

मी वडिलांना घेऊन गुहागर ते गणपतीपुळे या बाजूला असा चाललोय, असगोली, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी करत. त्यामुळे दोन शब्द.

सामानाचं अगदी सोपं आहे. ज्या घरी उतरता तेच लोक रिक्षावाल्याला फोन लावतात, पिशवी पुढच्या घरी पोचते. औषधं मात्र त्या पिशवीत टाकायची नाहीत, ती अंगावर, आणि एक जादा स्ट्रिप तुमच्याजवळ वेगळी. गावात मेडिकल असेलच असं नाही आणि असलं तरी तीच गोळी मिळेल असं नाही.

दुसरं, पुढे कुणी चालायचं. मी सुरुवातीला पुढे चालायचो, वाट बघायला म्हणून, आणि वडील माझी पाठ धरून माझ्या चालीने ओढले जायचे. मग ते पुढे आणि मी मागे असं केलं आणि सगळंच बदललं. ते थांबले की मी थांबायचो, आणि ते फार थांबायचे, पण दमून नाही. ओहोटीला वाळूवर बारके खेकडे वाळूच्या गोळ्या करून टाकतात ना, बिळाभोवती मोहरीएवढ्या गोळ्यांच्या ओळीच्या ओळी, त्या ते उकिडवे बसून बघत राहायचे, सगळ्या ओळी बिळाकडेच कशा जातात हे त्यांनीच मला दाखवलं. जाळी शिवत बसलेला माणूस दिसला की त्याच्याशेजारी बसायचे, कुठला दोरा, किती दिवस टिकतो, सगळं विचारायचे. असगोलीला एका आजोबांनी त्यांच्या हातात सुई दिली, त्यांनी चार गाठी मारल्यासुद्धा. मी पुढे असतो तर यातलं काहीच झालं नसतं.

‘दमलात का’ असं विचारू नका, उत्तर नाहीच येतं. मला जरा बसावंसं वाटतंय म्हणा, मग बसतात.

आणि घरच्या काळजीबद्दल. माझ्या बहिणीलाही असंच वाटत होतं. मी तिला रोजची वाट, मुक्कामाच्या घराचा फोन, जवळचा दवाखाना हे आधीच लिहून दिलं. दापोलीला उपजिल्हा रुग्णालय आहे, पुढे काही मोठं लागलं तर चिपळूणच्या पुढे डेरवणचं वालावलकर रुग्णालय, आणि अँब्युलन्सला १०८. संध्याकाळी पोचलो की वडीलच तिला फोन करायचे, मी नाही. त्यांच्या आवाजावरून तिला जे कळायचं ते माझ्या सांगण्याने कळलं नसतं.

---

पुळणकाठ

राहिलेली वाट लिहितो. घाटावरची ताई, आत्याबाईंचा एकादशीचा हिशोब बरोबर आहे, सव्वाआठच.

कर्दे ते लाडघर मधे डोंगर आहे, रस्ता वरून जातो. तिथे रिक्षा करा, वारकरी असल्या तरी उतार लांबलचक आहे आणि डांबरी आहे, गुडघ्याला तो वाळूपेक्षा वाईट. लाडघरला तामसतीर्थ म्हणतात, पाण्याला तांबूस झाक दिसते, वाळूत रंगीत गोटे असतात त्यामुळे तिथे अनवाणी नको. लाडघरहून बुरोंडी जवळ. बुरोंडीच्या वर डोंगरावर परशुरामाचा पुतळा आहे, तिथपर्यंत गाडी जाते. कोळथऱ्याला दोन रात्री राहा असं मी म्हणेन, ती तुमची विश्रांतीची जागा. गाव शांत, कोळेश्वराचं देऊळ झाडीत, पुळण गावालगत, पर्यटक कमी. आत्याबाईंना नुसतं सकाळ-संध्याकाळ पाण्याशी जाऊन बसता येईल.

कोळथरे ते दाभोळ सलग किनारा नाही, सड्यावरून, म्हणजे वरच्या उघड्या कातळावरून जावं लागतं, सावली नाही. एसटीने जा. गाड्या कमी आहेत, वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा. दाभोळला चंडिकेचं देऊळ आहे, आत गुहेसारखं, वाकून अंधारातून जायचं, देवी दिव्याच्या उजेडात दिसते. कंबर वाकत असेल तर जरूर जा, हात धरून. खाली धक्क्याजवळ आदिलशाही काळातली मशीद आहे, दाभोळ एके काळी केवढं मोठं बंदर होतं ते ती बघून कळतं.

दाभोळ ते धोपावे जंगल जेटी म्हणजे फेरीबोट आहे, वाशिष्ठीची खाडी, गाड्यांबरोबर चालणाऱ्यांनाही घेते, दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे. ही फेरी २००३ साली सुरू झाली, तोवर गाडीवाल्यांना चिपळूणचा केवढा वळसा होता. बोटीत गाड्या चढ-उतर करताना आत्याबाईंना कडेला उभं करा, रॅम्प ओला नि घसरडा असतो, आधी गाड्या जाऊ द्या, मग तुम्ही. धोपाव्याहून गुहागरपर्यंत रस्ताच रस्ता आहे, चालण्यात मजा नाही, वाहन करा. गुहागरला मात्र सगळी हौस फेडून घ्या, सहा-एक किलोमीटरची सरळ पुळण, मागे सुरूची झाडं, व्याडेश्वराचं दर्शन. परत यायला गुहागर-चिपळूण एसटी आहे, चिपळूणहून पुण्याची गाडी मिळते.

दोघी बायकांचं विचारलंत. आमच्या गावांत राहण्या-जेवणाची सोय बहुतेक ठिकाणी घरातल्या बायकाच बघतात, त्यामुळे तसं निर्धास्त या. फक्त अंधार पडल्यावर पुळणीवर नको, माणसांपेक्षा कुत्र्यांसाठी सांगतोय, टोळीने फिरतात. काठी आहेच हातात.

---

सांधेदुखी_सल्ला

खोली फोनवर ठरवताना तीन गोष्टी विचारा, तळमजला आहे का, कमोड आहे का, आणि पलंग आहे का. रोज खाली बसून उठायला लागलं तर गुडघा चालण्याआधीच संपतो. प्लास्टिकचं स्टूल-कमोड काही घरांत ठेवलेलं असतं पण मागावं लागतं.

---

शनिवारपेठ

कॅनॉलवाली गोष्ट पटली. आत्यांना शुभेच्छा. कोळथऱ्याला दोन रात्री ठेवल्यात म्हणजे माझा मुद्दाही अर्धा आलाच त्यात.

---

घाटावरची

सगळ्यांचे फार फार आभार. पौष पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आंजर्ल्याहून निघायचं ठरतंय. डॉक्टरांकडे उद्या जातोय, गोळीचं विचारून घेते. आत्येभावाला सगळा प्लॅन पाठवला, त्याने मुक्कामाच्या फोन नंबरांची यादी मागितली आहे म्हणजे विरोध मावळला असं समजते. संध्याकाळी फोन आत्याच करणार हे त्याला फार आवडलं.

एक राहिलंच. त्या दिवसांत आत्याची संकष्टी येते, तिचा उपास असतो आणि ती मोडणार नाही. चालण्याच्या दिवशी उपास म्हणजे मला काळजी वाटते. तुमच्याकडे घरी सांगितलं तर काय मिळेल?

---

पुळणकाठ

संकष्टी आहे म्हणून आदल्या दिवशी फोनवर सांगा, कुठलंही घर नाही म्हणणार नाही. सकाळी वऱ्याचे तांदूळ नि दाण्याची आमटी, नाहीतर उकडलेली रताळी, केळी, आणि नारळ तर घरचाच. उपास रात्री सुटतो तेव्हा घरच्या बाईंनी उकडीचे मोदक करायचे असतील तर त्यांना सामान आणायला वेळ लागतो, तेव्हा तेही फोनवरच सांगून टाका. चंद्रोदय साधारण नवाच्या आसपास येतो, तोवर आत्याबाईंना दुपारी झोपू द्या. त्या दिवशी मुरुड-कर्दे ठेवा, तेवढंच सपाट चाल, बाकी काही नको.